ग्रुपवर टाकलं होतं: सत्तरीतल्या एका प्राथमिक शाळेचं प्रकरण

शाळेचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी, पट तिशीच्या आत-बाहेर, शिक्षिका दोन. एवढी ओळख पुरे. अशी शाळा डिचोलीत, सांग्यात, काणकोणातही कुणाला आपल्या माहितीची वाटेल. साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शिक्षकांना शिकवण्यात मदत करायला, माझं तिथे जाणं-येणं होतं. पुढे लिहिलंय त्यातलं काही डोळ्यांदेखत झालेलं, काही दोन्ही टीचरांकडून आणि गेटावर उभ्या असणाऱ्या आज्यांकडून ऐकलेलं.

गाव कसा, घरं कशी

गाव तीन वाड्यांत विखुरलेला. शाळा मधल्या वाड्यावर, देवळाला लागून. एका वाड्यावरच्या मुलांना ओहळ ओलांडून यावं लागतं, वर जुना साकव. खाणी चालू होत्या तेव्हा निम्म्या घरांतले बापये ट्रकावर असायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग रडतखडत सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. आता माणसं कंपनीत जातात: जवळ होंडा-पिसुर्ल्याला, नाहीतर थेट वेर्ण्याला. काही जण किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, ते आठवड्याने घरी येतात. बायकाही औषधाच्या कंपनीत शिफ्टला आहेत. त्यांची बस उजाडायच्या आधी तिठ्यावर येते. मार्चपासून काजू सुरू झाला की उरलेली माणसं बागायतीत.

म्हणजे सकाळी मुलाची वेणी घालणारी, दप्तर भरणारी, दुपारी गेटावर छत्री घेऊन उभी राहणारी आणि घरी नेऊन जेवू घालणारी बहुतेक घरांत आजी. फोन मात्र बापाच्या खिशात, फार तर आईच्या पर्समध्ये. मूल एकाच्या हाती आणि फोन दुसऱ्याच्या. सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. पण शाळेच्या कागदावर हे कुठेच दिसत नव्हतं, कारण प्रवेशाच्या फॉर्मवर पालकाचा नंबर म्हणून बापाचा नंबर लिहिलेला असतो आणि चार वर्षं तोच चालतो.

घरची बोली कोकणी, शाळा मराठी, देवळातली आरती मराठी, टीव्ही हिंदी. यात इथे कुणाला काही वेगळं वाटत नाही. दोन कुटुंबं कर्नाटकातून बांधकामाच्या कामाला आलेली, ती घरी कन्नड बोलतात.

शाळा सांगत नव्हती असं नाही

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा तो जन्माला आला. त्या काळात या भागातली मुलं रेंज शोधत डोंगरावर चढत होती. शाळा उघडल्या, ग्रुप तसाच राहिला. त्यावर काय यायचं? खात्याच्या परिपत्रकांची पीडीएफ, सुट्टीची सूचना, आधारची झेरॉक्स आणा, बँकेचं पासबुक आणा, गणवेशाचं माप द्या. पालकांकडून गुड मॉर्निंग, देवाचे फोटो, कुणाची तरी हरवलेली किल्ली. मग निवडणुकीच्या दिवसांत एकाने प्रचाराचा व्हिडिओ टाकला, दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं, आणि मोठ्या टीचरांनी सेटिंग बदलून टाकलं: मेसेज फक्त ॲडमिन पाठवणार. भांडण मिटलं. पण त्याबरोबर ‘कळलं’ म्हणण्याची सोयही गेली, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि फोटो. फोटो भरपूर असायचे. ते मी नीट पाहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक सगळे खात्याला पाठवण्यासाठी काढलेले होते. मुलं रांगेत उभी, हातात बॅनर, मागे फळ्यावर ‘दिना’चं नाव आणि तारीख. स्वच्छता, योग, झाडं, रेनकोट वाटप. तालुक्याच्या ग्रुपवर पुरावा म्हणून टाकायचे आणि तेच पालकांच्या ग्रुपवर सरकवायचे. शिक्षिकेला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या फोनवर आहाराचा ग्रुप वेगळा, केंद्राचा वेगळा, मतदारयादीच्या कामाचा आणखी वेगळा. पण घरी बसलेल्या माणसाला त्या फोटोंतून काय कळणार? आपली नात रांगेत तिसरी आहे, एवढंच. ती आता जोडाक्षरं वाचते का, मधल्या सुट्टीत कुणाबरोबर खेळते, डब्यातली चपाती खाते की कुत्र्याला घालते, याचा त्यात पत्ता नाही.

जुलैतली ती सकाळ

गोव्यात पावसाचे आकडे आले की सत्तरीतल्या वाळपईचं नाव वरच असतं. त्या दिवशी पहाटेपासून कोसळत होता. मुलं शाळेत पोचल्यावर साडेनवाच्या सुमाराला ओहळाचं पाणी साकवाच्या पट्ट्यांना लागल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं, आणि थोड्या वेळात वरून फोन आला की शाळा सोडा. ग्रुपवर मेसेज गेला: ‘अतिवृष्टीमुळे आज शाळा १०.३० वाजता सुटेल. पालकांनी मुलांना घेऊन जावे.’ टीचरांनी फोनही लावले. काही लागले, काही बंद होते.

पहिलीतल्या एका मुलीचा बाप कंपनीत. आत फोन न्यायला बंदी, फोन लॉकरमध्ये. आईही शिफ्टला, तिचाही तोच प्रकार. आजी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत. चौथीतली शेजारची मुलगी म्हणाली, मी नेते तिला. टीचरांना बरंच वाटलं. तिठ्यापर्यंत दोघी आल्या, तिथून मोठी आपल्या वाटेने गेली. धाकटी घराशी पोचली तर दाराला कडी. ती परत तिठ्यावर आली आणि चहाच्या गाड्यावर जाऊन बसली. गाडेवाल्याने पाव दिला, चहा दिला. साडेबाराला आजी नेहमीच्या वेळेला छत्री घेऊन शाळेकडे निघाली तेव्हा नात तिला वाटेतच, गाड्याच्या बाकावर सापडली.

वाईट काही झालं नाही. पण ते दोन तास शाळा समजत होती की मूल घरी आहे आणि घर समजत होतं की मूल शाळेत आहे. बापाने मेसेज वाचला तो शिफ्ट सुटल्यावर.

दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून आला. ‘मला कळवलं नाही.’ ‘ग्रुपवर टाकलं होतं.’ टीचरांनी फोन काढून वेळ दाखवली, मेसेज कुणी वाचला त्याची यादी दाखवली. दोघंही खरं बोलत होते, म्हणून तर वाद वाढला.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची जी कामं लिहिली आहेत त्यांत पालकांच्या नियमित बैठका घेणं आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, प्रगती व इतर महत्त्वाची माहिती त्यांना देणं हेही आहे. माहिती देणं, म्हणजे ती पोचली पाहिजे. ‘टाकलं होतं’ हे फाईलला चालतं. पहिलीतलं मूल दाराच्या कडीपुढे उभं असताना त्याचा काही उपयोग नाही.

बैठकीत दोन प्रश्न निघाले

व्यवस्थापन समितीची बैठक लागली. कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. इथेही कागदावर तसंच होतं. पण आज्या काही सदस्य नव्हत्या. त्या मुलांना न्यायला आलेल्या, पाऊस होता म्हणून पडवीत टेकल्या, आणि दार उघडं असल्यामुळे बैठकीत सामील झाल्या. बैठक कामाची झाली ती त्यांच्यामुळे. ‘आमकां कोण सांगता?’ असं एकीने विचारलं, आणि बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तीच पुढे म्हणाली, ‘नातीक विचारल्यार कांय ना म्हणटा. शाळेंत करतात तरी कितें?’

पहिला प्रश्न तातडीच्या निरोपाचा होता, दुसरा रोजच्या दिवसाचा. शाळेच्या डोक्यात दोन्ही एकच होतं: ‘पालकांना कळवणे’. प्रत्यक्षात दोघांची माणसं वेगळी, वेळ वेगळी, साधनं वेगळी. तातडीचा निरोप थोड्या जणांना पण खात्रीने पोचायला हवा आणि उलट होकार यायला हवा. रोजचं सांगणं सगळ्यांना, सावकाश चालतं. एखाद्या दिवशी चुकलं तरी आभाळ कोसळत नाही. इथे दोन्ही एकाच ग्रुपवर होती आणि पासबुकाच्या झेरॉक्सखाली गाडली जात होती.

वही

धाकट्या टीचरांनी एक साधी वही केली. प्रत्येक मुलाला एक पान. त्यावर: सकाळी कोण पाठवतं, दुपारी कोण नेतं, अकरा-बाराला घरी कोण असतं, त्या माणसाजवळ फोन आहे का, नसेल तर हाकेच्या अंतरावर कुणाकडे आहे. हे फॉर्म वाटून भरून घेतलं नाही. फॉर्म घरी गेला असता तर पुन्हा बापाचाच नंबर लिहून आला असता. गेटावर, शाळा सुटताना, ज्याने मुलाचा हात धरला त्याला विचारून लिहिलं. त्यात बरंच बाहेर आलं. एका मुलाला न्यायला आजोबा येत, ते बहिरे, म्हणून त्यांना फोन लावण्यात अर्थच नव्हता. एका कुटुंबाचा म्हणून दिलेला नंबर ठेकेदाराचा निघाला, आणि तो ठेकेदार गाव सोडून गेला होता. त्या पानावर आता भाड्याच्या खोल्यांत शेजारी राहणाऱ्या बाईचा नंबर आहे, तिला कन्नडही येतं.

वाड्यागणिक एक माणूस ठरला. एका वाड्याला अंगणवाडीची मदतनीस, दुसऱ्याला तिठ्यावरचा गाडेवाला (तो त्या दिवसापासून आपण होऊन तयारच होता), तिसऱ्याला घरी शिवणकाम करणारी एक बाई. शाळेने तीन फोन करायचे, त्यांनी दारोदार सांगायचं आणि ‘सांगितलं’ असं परत कळवायचं. परतीचा फोन आल्याशिवाय मूल पडवी सोडणार नाही. ‘मी नेते तिला’ हे दुसऱ्या मुलाच्या तोंडून चालणार नाही, ते मोठ्या माणसाने म्हणायचं.

पहिल्या खेपेला साखळी एका वाड्यावर तुटली. शाळा उशिरा सुटणार होती, निरोप द्यायचा होता, आणि शिवणकामवाली बाई वाळपईच्या बाजाराला गेलेली. मग प्रत्येक वाड्याला दुसरं नाव जोडलं.

फळा आणि आवाज

रोजच्यासाठी आधी डायरी करून पाहिली. तीस डायऱ्यांत रोज ओळ लिहायची, पालकाची सही आणायची. पानं दप्तरात भिजायची, सह्या न वाचता व्हायच्या, एका मुलाने तर आठवड्याच्या सह्या आजीकडून एकदम घेऊन ठेवल्या. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीपर्यंत डायरी आपोआप बंद पडली, तिचं दुःख कुणाला झालं नाही.

टिकलं ते दुसरं. पडवीत, गेटाकडे तोंड करून एक फळा लावला. शाळा सुटायच्या आधी चौथीतलं एक मूल पाळीने त्यावर लिहितं: आज काय केलं, काय खाल्लं, घरी काय विचारा. त्याच वेळी टीचर तेच आपल्या आवाजात ग्रुपवर पाठवतात, मिनिटाच्या आत, कोकणीत, गेटावर बोलतात तसं. लिहिलेला मेसेज आजीच्या कामाचा नव्हता. आवाज संध्याकाळी मुलाच्या बापाच्या फोनवर घरातले सगळे ऐकतात, हॉटेलात राहणारा बाप तिथे ऐकतो.

‘घरी काय विचारा’ ही ओळ मला यातली सगळ्यात मोलाची वाटते. ‘आयज शाळेंत कितें केलें?’ या प्रश्नाला सात वर्षांचं मूल ‘कांय ना’ याशिवाय काय सांगणार? दिवस मोठा असतो, कुठून सुरू करायचं ते त्याला समजत नाही. नेमकं विचारलं की ते बोलतं. काही ओळी उतरवून घेतल्या होत्या (माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची चौकट):

‘तिसरीने अंगणात बाटली ठेवून पाऊस मोजला. किती बोटं पाणी भरलं, विचारा.’

‘दुसरीने माटोळीच्या फळांची नावं लिहिली. कवंडळ आणि तोरिंजन कुठे मिळतं, हे मुलं घरी विचारणार आहेत.’

‘पहिलीला आज “ळ” आला. घरातल्या कुठल्या वस्तूंत “ळ” आहे, शोधायला सांगा.’

बाटलीच्या पावसाचा परिणाम असा की दुसऱ्या दिवशी एक आजोबा गेटावर आले आणि म्हणाले, बाटली चुकीच्या जागी ठेवली, वर पोफळीची झावळ आहे, तिथे पाऊस कमी पडतो. मुलांनी बाटली हलवली. तोवर शाळेत फक्त सह्या करायला येणारी माणसं अशी काहीतरी सांगायला यायला लागली. रात्रपाळी लागलीय, मूल झोपत नाही. गाय मेली, दोन दिवस गप्प आहे. टीचरांना वर्गात जे कोडं वाटत होतं त्यातलं निम्मं गेटावरच उलगडायला लागलं.

आहाराच्या ओळीवरून मात्र ठिणगी पडली. गोव्यात माध्यान्ह आहार बचत गटाच्या बायका शिजवून आणतात. नियमाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, आणि वाढण्याआधी शिक्षिकेने चव घ्यायची असते. एके दिवशी मुलाने फळ्यावर प्रामाणिकपणे लिहिलं: ‘भाजी-पाव. भाजी तिखट होती, आम्ही ठेवली.’ गटातली एक बाई त्याच वाड्यावरची, तिची पुतणीच तिसरीत. संध्याकाळपर्यंत बोलाचाली. आता भाजी तिखट असेल तर टीचर आधी गटाला फोन करतात, मग फळ्यावर लिहितात. पण लिहितात. भाजीतली मिरची कमी झाली, हे मुलांनीच मला सांगितलं.

जे फळ्यावर जात नाही

मारामारी, पडणं-लागणं, उवा, कुणाला वाचायला जमत नाही हे. यातलं काहीही फळ्यावर किंवा ग्रुपवर नाही. चौथीतल्या एकाने दुसरीतल्याला ढकललं, ओठ फुटला. दोन्ही घरं एकाच वाड्यावरची, नात्यातली. बातमी मुलांच्या तोंडून घरी पोचली ती दात पडल्याची होती. तेव्हापासून ठरलं: असं काही झालं की शाळा सुटायच्या आत दोन्ही घरांना शाळेचा फोन, आणि दोघांना सांगायचे शब्द तेच.

फोटोंचं ठरायला वेळ लागला. एका आईने सांगितलं, माझ्या मुलाचा फोटो ग्रुपवर नको, तो कुणाकुणाकडे जातो ते मला माहीत आहे. कारण तिने सांगितलं नाही आणि टीचरांनी विचारलं नाही, हे दोघींचंही बरोबर. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची संमती महत्त्वाची धरली आहे. पण खेड्यातल्या शाळेला कायद्याआधी शहाणपण पुरेसं होतं. आता ग्रुपवर वहीचा, फळ्याचा, मातीच्या बैलाचा फोटो जातो, चेहऱ्याचा नाही. रडणाऱ्या, जेवणाऱ्या, काहीतरी फुकट घेणाऱ्या मुलाचा तर नाहीच. खात्याला लागणारे फोटो खात्याकडे जातात, तिथे थांबतात.

मोठ्या टीचरांचा आक्षेप

त्यांना हे सगळं फारसं पटलेलं नाही, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्या म्हणतात, रोज सांगायला लागलं की रोजचा हिशेब मागतात. ‘काल इंग्रजीचं काही नव्हतं फळ्यावर’ असं एका बापाने हॉटेलातून फोन करून विचारलं, रात्री साडेनवाला. शिवाय सांगण्याजोगं काहीतरी रोज करायचा मोह होतो. पाढे घोकणं, शुद्धलेखन गिरवणं यात सांगण्यासारखं काही नसतं, पण त्याशिवाय शाळा चालत नाही.

फोनच्या वेळेचं उत्तर सोपं होतं: संध्याकाळी सहानंतर फक्त आजारपण आणि अडचण. पाळतात सगळे असं नाही. दुसऱ्या मुद्द्याला धाकट्या टीचरांनी फळ्यावरच उत्तर दिलं. ‘आज पाढेच. कंटाळा आला, पण सातचा झाला. सात सक्कम विचारा.’ असा दिवसही दिवसच असतो, आणि माझ्या मते घरच्यांना तोही कळायला हवा.

वेळेचा हिशेब बघितला तर आवाजाला मिनिट, फळा मुलं लिहितात. मोठं काम वहीचं, ते जूनमध्ये एकदा. पण ती जूनमध्ये भरून कपाटात ठेवली तर दिवाळीपर्यंत शिळी होते, कारण शिफ्टा बदलतात, आजी दुसऱ्या मुलाकडे राहायला जाते, नंबर बदलतात.

बदली

पुढच्या वर्षी धाकट्या टीचरांची बदली झाली. चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या, हजेरीपट, आहाराचं रजिस्टर यांच्या यादीत त्यांनी ती वहीही लिहिली आणि नव्या टीचरांना तीन वाड्यांवर चालत नेऊन माणसं दाखवली. नव्या टीचर बार्देशातून रोज ये-जा करतात, त्यांना रोज आवाज पाठवणं जमेना. आठवड्यातून दोनदा पाठवतात. फळा रोजचा चालू आहे. तो एकदा कोरा राहिला तर गेटावर विचारणा झाली. वहीत त्यांनी एक रकाना वाढवला आहे: आई-बापाची शिफ्ट कोणती, आणि ती कधी बदलते. तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी गेटावर उभं राहून भरला जातो.